पाठदुखी, पुरावा आणि अपील : अमेरिकेतील माजी सैनिकांच्या अपंगत्व भरपाईचा इतिहास (१७७६ ते २०१९)

प्रस्तावना

युद्धाचा इतिहास लिहिताना लढाया, सेनापती, तह आणि सीमा यांची नोंद प्रामुख्याने केली जाते. युद्ध संपल्यावर घरी परतलेल्या सैनिकाच्या शरीराचे पुढे काय होते, हा प्रश्न इतिहासलेखनात क्वचितच येतो. वस्तुतः कोणत्याही राज्यसंस्थेची खरी कसोटी या प्रश्नावर लागते. रणांगणावर पाय गमावलेल्या सैनिकाला आपले अपंगत्व सिद्ध करावे लागत नाही, ते सर्वांना दिसते. ज्याची पाठ ओझी वाहून, खडबडीत रस्त्यांवर ट्रक चालवून किंवा हवाई छत्रीने उड्या घेऊन निकामी झाली, त्याचे अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही. ते त्याला कागदावर सिद्ध करावे लागते आणि कागद अपुरा ठरला की नकार मिळतो. त्या नकाराविरुद्ध दाद कोठे मागावयाची, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

या विषयाच्या अभ्यासासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची निवड केली आहे. माजी सैनिकांच्या भरपाईची तेथील परंपरा राष्ट्राच्या जन्माइतकीच जुनी आहे आणि तिच्यातील कायदे व न्यायनिर्णय सार्वजनिकरीत्या उपलब्ध आहेत. पाठीच्या विकाराचे उदाहरण घेण्यामागेही निश्चित कारण आहे. वेदना, झीज आणि अनिश्चित कारण या तिन्ही गोष्टी या विकारात एकत्र येतात. त्यामुळे निर्णयप्रक्रियेतील दोष येथे सर्वाधिक स्पष्टपणे दिसतात.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) अमेरिकेतील माजी सैनिकांच्या अपंगत्व भरपाईच्या निर्णयप्रक्रियेचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) पाठीच्या विकारांच्या मूल्यमापनात निर्माण झालेल्या अडचणींची कारणे शोधणे.
३) अपिलाच्या हक्काचा विकास आणि त्याच्या मर्यादा स्पष्ट करणे.

या इतिहासातील निर्णायक बदल भरपाईच्या रकमेत झालेला नसून, नकार देताना त्याची कारणे लेखी देण्याचे बंधन शासनावर आले यात आहे, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

प्रारंभीचा काळ : न्यायालयाने नाकारलेले काम

स्वातंत्र्याच्या घोषणेनंतर दोन महिन्यांच्या आत, २६ ऑगस्ट १७७६ रोजी, काँटिनेंटल काँग्रेसने युद्धात अवयव गमावलेल्या किंवा गंभीर अपंगत्व आलेल्या सैनिकांना अर्धे वेतन देण्याचा ठराव केला. १७९२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने अपंग सैनिकांच्या निवृत्तिवेतनासाठी कायदा करून अर्जांची तपासणी करण्याचे काम संघीय न्यायालयांकडे सोपविले. न्यायाधीशांनी दिलेल्या निष्कर्षात बदल करण्याचा अधिकार मात्र युद्धमंत्री व काँग्रेस यांच्याकडे ठेवण्यात आला. या तरतुदीस अनेक न्यायाधीशांनी आक्षेप घेतला. न्यायालयाचा निर्णय शासनाच्या अन्य शाखेने फिरवावा, हे सत्ताविभाजनाच्या तत्त्वाशी विसंगत आहे, अशी त्यांची भूमिका होती. 'हेबर्न प्रकरण' या नावाने हा प्रसंग अमेरिकेच्या घटनात्मक इतिहासात प्रसिद्ध आहे. १७९३ मध्ये कायदा बदलण्यात आला.

घटनात्मकदृष्ट्या न्यायाधीशांची भूमिका योग्यच होती. तथापि, सैनिकाच्या दृष्टीने पाहता या प्रसंगातून एक दीर्घ परंपरा सुरू झाली. माजी सैनिकाच्या भरपाईचा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेबाहेर गेला आणि काही अपवाद वगळता जवळजवळ दोनशे वर्षे बाहेरच राहिला.

यादवी युद्धाच्या काळात, १८६२ मध्ये, निवृत्तिवेतनाचा व्यापक कायदा झाला. पूर्ण अपंगत्व आलेल्या साध्या शिपायास दरमहा आठ डॉलर देण्याची तरतूद त्यात होती. शारीरिक श्रमाची क्षमता हा अपंगत्वाचा मापदंड होता. याच कायद्याने अर्जदाराच्या वकिलाने किती शुल्क घ्यावे यावर मर्यादा घातली. ती प्रथम पाच डॉलर होती व १८६४ मध्ये दहा डॉलर करण्यात आली. सैनिकांना लुबाडणाऱ्या मध्यस्थांना आळा घालणे हा या मर्यादेचा हेतू होता आणि त्या काळात तो रास्त होता. परंतु दहा डॉलरची ही मर्यादा पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ तशीच राहिली. रुपया असो वा डॉलर, शतकभरात त्याचे मोल कोठल्या कोठे जाते. परिणामी जी तरतूद सैनिकाच्या रक्षणासाठी होती, तिच्यामुळेच त्याला वकील मिळणे दुरापास्त झाले.

मूल्यमापन सूची आणि १९३३ चा कायदा

पहिल्या महायुद्धाच्या काळात, ऑक्टोबर १९१७ मध्ये, भरपाईच्या कल्पनेत मूलभूत बदल झाला. अपंगत्वामुळे नागरी व्यवसायातील कमाईची क्षमता सरासरीने किती घटते, हा नवा निकष ठरला. यासाठी निरनिराळ्या दुखापतींची टक्केवारी ठरविणारी सूची तयार करण्याचे धोरण स्वीकारले गेले. एखाद्या विशिष्ट सैनिकाची कमाई प्रत्यक्षात किती बुडाली हे पाहण्याऐवजी, तशा दुखापतीने सर्वसाधारण माणसाचे किती नुकसान होते हे पाहावयाचे होते. व्यवहारासाठी ही पद्धत सोयीची होती. पुढे १९२५, १९३३ आणि १९४५ या वर्षांत नव्या सूची आल्या. आजची सूची १९४५ च्या सूचीतूनच विकसित झालेली आहे.

१९३० मध्ये माजी सैनिकांशी संबंधित विविध कार्यालये एकत्र करून 'व्हेटरन्स ॲडमिनिस्ट्रेशन' ही संस्था स्थापन झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी जागतिक मंदीच्या काळात राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत मार्च १९३३ मध्ये काटकसरीचा कायदा संमत झाला. शासकीय खर्च कमी करणे हा त्याचा उद्देश होता. या कायद्यान्वये भरपाईविषयक प्रशासकीय निर्णय अंतिम ठरविण्यात आले आणि त्यांच्या न्यायालयीन पुनर्विलोकनास मनाई करण्यात आली. त्याच वर्षी जुलैमध्ये अध्यक्षीय आदेशाने 'बोर्ड ऑफ व्हेटरन्स अपील्स' हे अपील मंडळ निर्माण झाले. हे मंडळ प्रशासनाचाच एक भाग होते. ज्या संस्थेने दावा नाकारला त्याच संस्थेच्या वरच्या दालनात दाद मागावयाची आणि तेथील शब्द अखेरचा मानावयाचा, अशी ही व्यवस्था होती.

दुसरे महायुद्ध, कोरियन युद्ध आणि व्हिएतनाम युद्ध यांतून परतलेल्या सैनिकांचे दावे याच व्यवस्थेखाली निकालात निघाले. ही व्यवस्था सर्वस्वी निष्ठुर होती असे म्हणता येणार नाही. अर्जदारास शासनाने मदत करावी, त्याच्याशी वादी-प्रतिवादी या नात्याने वागू नये आणि पुरावा दोन्ही बाजूंनी समतोल असल्यास संशयाचा फायदा सैनिकाला द्यावा, ही तत्त्वे तिच्यात मान्य केलेली होती. परंतु ती पाळली गेली की नाही हे तपासणारी बाहेरची यंत्रणा नव्हती.

पाठीचा प्रश्न वेगळा का?

पाठीच्या विकाराचे दावे या व्यवस्थेत सर्वाधिक अडचणीचे का ठरले, हे समजण्यासाठी वैद्यकाच्या इतिहासाकडे वळणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे अपघातांनंतर अनेक प्रवासी पाठदुखीची तक्रार करीत. बाहेरून मात्र जखम दिसत नसे. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिक्सन यांनी १८६६ मध्ये अशा रुग्णांवरील आपली व्याख्याने प्रसिद्ध केली. ही वेदना खरी की भरपाईसाठी केलेला बहाणा, यावर तेव्हापासून डॉक्टर व वकील यांच्यात वाद सुरू झाला. सैनिकाच्या पाठदुखीकडे संशयाने पाहण्याची वृत्ती याच काळातील म्हणावी लागेल.

१८९५ मध्ये राँटजेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. त्यामुळे मणक्याचे हाड मोडले असल्यास ते दिसू लागले. परंतु मणक्यांमधील गादी क्ष-किरणांच्या चित्रात दिसत नाही. १९३४ मध्ये मिक्स्टर व बार या अमेरिकन डॉक्टरांनी गादी सरकल्याने मज्जातंतूंवर दाब येतो व त्यातून पाठीत व पायात कळा येतात, हे दाखवून दिले. भरपाईच्या सूचीतही या विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले. पुढे एमआरआय तपासणी आली तेव्हा आता वाद मिटेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात उलटेच घडले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात पाठदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के व्यक्तींच्या एखाद्या तरी गादीला फुगवटा आढळला.

चित्रात दोष दिसतो पण वेदना नाही आणि वेदना आहे पण चित्रात दोष दिसत नाही, या दोन्ही शक्यता खऱ्या आहेत. त्यात वयाची भर पडते. विसाव्या वर्षी उंचावरून पडलेल्या सैनिकाची पाठ पंचेचाळिसाव्या वर्षी पूर्णपणे धरते. मधल्या काळात त्याने शेतात किंवा कारखान्यात काम केलेले असते. अशा वेळी आजचा विकार त्या पडण्यातून आला, नंतरच्या कामातून आला की निव्वळ वयामुळे आला, याचे खात्रीलायक उत्तर वैद्यकाकडे नसते. जेथे खात्री नाही तेथे निर्णय देणाऱ्याचा विवेक महत्त्वाचा ठरतो आणि जेथे विवेकाला वाव असतो तेथे कारणे विचारण्याचा हक्क अत्यावश्यक ठरतो.

१९८८ चा कायदा आणि कारणे देण्याचे बंधन

व्हिएतनाम युद्धानंतरच्या काळात न्यायालयीन पुनर्विलोकनाची मागणी तीव्र झाली. १९८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे दहा डॉलरच्या शुल्कमर्यादेस आव्हान देण्यात आले. ही प्रक्रिया अनौपचारिक व सैनिकाला अनुकूल असावी, वकिलांच्या प्रवेशाने ती गुंतागुंतीची होईल, हा काँग्रेसचा हेतू ग्राह्य मानून न्यायालयाने ही मर्यादा वैध ठरविली. न्यायालयाचे दार बंद झाल्यावर हा प्रश्न पुन्हा कायदेमंडळाकडे आला.

१८ नोव्हेंबर १९८८ रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी माजी सैनिक न्यायालयीन पुनर्विलोकन कायद्यावर स्वाक्षरी केली. या कायद्याने माजी सैनिकांच्या अपिलांसाठी स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचे कामकाज सुरू झाले आणि १९९९ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. या न्यायालयाच्या निर्णयावर कायद्याच्या प्रश्नापुरते अपील 'फेडरल सर्किट' या वरिष्ठ न्यायालयात करता येऊ लागले. वकिलाच्या शुल्कावरील जुनी मर्यादाही शिथिल झाली. १७९२ मध्ये न्यायाधीशांनी नाकारलेले काम १९६ वर्षांनी न्यायसंस्थेकडे परत आले.

या कायद्यातील एक तरतूद वरवर पाहता किरकोळ वाटते. अपील मंडळाने आपल्या निर्णयात निष्कर्षांची कारणे व आधार लेखी नमूद केले पाहिजेत, अशी ती तरतूद होय. दुसऱ्याच वर्षी केलेल्या कायद्याने दावा प्रथम नाकारणाऱ्या प्रादेशिक कार्यालयांनाही कारणे कळविणे बंधनकारक झाले. तोपर्यंत दिले जाणारे अनेक निर्णय त्रोटक असत. 'सेवेशी संबंध आढळत नाही' एवढ्या वाक्यावर एखाद्या सैनिकाचा आयुष्यभराचा दावा संपत असे.

नव्या न्यायालयाने १२ ऑक्टोबर १९९० रोजी दिलेला 'गिल्बर्ट विरुद्ध डर्विन्स्की' हा निर्णय या संदर्भात पायाभूत मानला जातो. विशेष म्हणजे हा दावा पाठीच्या विकारासंबंधीच होता. पुराव्याची दोन्ही पारडी जवळजवळ समतोल असतील तेथे कौल सैनिकाच्या बाजूने दिला पाहिजे, हे तत्त्व न्यायालयाने अधोरेखित केले. ते समजावून देण्यासाठी न्यायालयाने मुलांच्या बेसबॉल खेळातील नियमाचा दाखला दिला : चेंडू आणि धावपटू एकाच क्षणी पोहोचले तर धावपटू बाद होत नाही. याच निर्णयाने स्पष्ट केले की मंडळाने कोणता पुरावा स्वीकारला, कोणता नाकारला आणि का, हे सांगितले पाहिजे. अन्यथा न्यायालयाला पुनर्विलोकनच करता येणार नाही.

पुढच्याच वर्षी 'कोल्विन' प्रकरणात न्यायालयाने आणखी एक मर्यादा घातली. मंडळाच्या सदस्यांनी वैद्यकीय प्रश्नावर स्वतःच्या समजुतीने निष्कर्ष काढू नयेत, त्यास स्वतंत्र वैद्यकीय पुराव्याचा आधार असावा, असे ठरले. २००८ मधील एका निर्णयात वैद्यकीय मताचे वजन त्यातील कारणमीमांसेवरून ठरते, असेही न्यायालयाने सांगितले. डॉक्टरने सैनिकाची संपूर्ण कागदपत्रे पाहिली असे नुसते लिहिणे पुरेसे नाही. त्याने कोणत्या वस्तुस्थितीवरून कोणता निष्कर्ष काढला हे दिसले पाहिजे. कारणे देण्याचे बंधन अशा रीतीने अधिकाऱ्याकडून डॉक्टरपर्यंत पोहोचले.

वेदनेचे मोजमाप

दावा मान्य झाला तरी टक्केवारी किती, हा वाद उरतोच. २००२ पूर्वीच्या सूचीत पाठीच्या विकारांसाठी 'किंचित', 'मध्यम', 'तीव्र' अशी विशेषणे होती. कमरेच्या हालचालीतील अडथळा किंचित असल्यास १० टक्के, मध्यम असल्यास २० टक्के आणि तीव्र असल्यास ४० टक्के, असे तिचे स्वरूप होते. एका अधिकाऱ्याला जे मध्यम वाटे ते दुसऱ्याला किंचित वाटे. ही संदिग्धता दूर करण्यासाठी २००२ मध्ये गादीच्या विकाराचे आणि २६ सप्टेंबर २००३ पासून संपूर्ण कण्याचे निकष बदलण्यात आले.

नव्या निकषात कोनमापकाने मोजलेले अंश आले. पुढे वाकण्याची सामान्य मर्यादा ९० अंश मानली गेली. ६० अंशांपेक्षा अधिक परंतु ८५ अंशांपर्यंत वाकता आल्यास १० टक्के, ३० पेक्षा अधिक परंतु ६० अंशांपर्यंत वाकता आल्यास २० टक्के आणि ३० अंश किंवा त्याहून कमी वाकता आल्यास ४० टक्के अपंगत्व धरले जाते. मोजमाप जवळच्या पाच अंशांपर्यंत पूर्ण करण्याचा नियम आहे. याचा अर्थ असा की ३० अंश आणि ३५ अंश यांतील फरकाने टक्केवारी दुप्पट किंवा निम्मी होते. त्यात तपासणी वर्षातील एखाद्या दिवशी, काही मिनिटांत होते. त्या दिवशी पाठ बरी असेल तर उरलेल्या दिवसांची वेदना नोंदीत येत नाही.

या अडचणीवर न्यायालयांनी हळूहळू मार्ग काढला. १९९५ च्या 'डीलुका' निर्णयाने सांगितले की सांधा किती अंश वळतो एवढेच पाहणे पुरेसे नाही. वेदना, थकवा, अशक्तपणा आणि दुखणे उसळल्यावर होणारी कार्यक्षमतेची हानीही विचारात घेतली पाहिजे. हा दावा खांद्याचा होता, परंतु त्याचे तत्त्व पाठीच्या दाव्यांना लागू पडले. २०१७ च्या 'शार्प' निर्णयाने त्यापुढचे पाऊल टाकले. तपासणीच्या वेळी दुखणे उसळलेले नव्हते, एवढ्या कारणावरून डॉक्टरला मत देण्याचे टाळता येणार नाही. सैनिकाला विचारून, त्याची कागदपत्रे पाहून, त्या अवस्थेतील हानीचा अंदाज त्याने दिला पाहिजे.

वेदना हेच अपंगत्व मानता येईल काय, हा प्रश्न दीर्घकाळ अनिर्णीत होता. १९९९ मध्ये न्यायालयाने म्हटले होते की निदान झालेला मूळ विकार नसल्यास केवळ वेदना म्हणजे अपंगत्व नव्हे. ज्यांच्या चित्रात दोष दिसत नाही अशा पाठदुखीच्या रुग्णांना हा निर्णय फार जाचक ठरला. ३ एप्रिल २०१८ रोजी फेडरल सर्किट न्यायालयाने 'सॉन्डर्स विरुद्ध विल्की' या गुडघेदुखीच्या प्रकरणात ही भूमिका बदलली. वेदनेमुळे दैनंदिन कार्यक्षमता घटत असेल, तर विशिष्ट निदान नसतानाही ती अपंगत्व ठरू शकते, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. एरिक्सन यांच्या काळापासून चालत आलेल्या वादाला दीडशे वर्षांनी असे कायदेशीर उत्तर मिळाले.

तथापि, सूचीतील सर्व विसंगती दूर झालेल्या नाहीत. गादीच्या विकारासाठी एक पर्यायी निकष असा आहे की डॉक्टरने लिहून दिलेली सक्तीची विश्रांती वर्षात किती आठवडे घ्यावी लागली हे पाहावे. सहा आठवडे किंवा अधिक असल्यास ६० टक्के अपंगत्व धरावे. परंतु अंथरुणावर पडून राहण्याने पाठदुखी लवकर बरी होत नाही, हे १९८६ मधील एका प्रसिद्ध अभ्यासापासून वैद्यकात मान्य होत गेले. अभ्यासात दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांच्या विश्रांतीपेक्षा कमी गुणकारी ठरली नव्हती. परिणामी डॉक्टर अशी विश्रांती लिहून देत नाहीत आणि नियम मात्र तिचीच चिठ्ठी मागतो.

सेवेशी संबंध सिद्ध करण्याची अडचण

पाठीच्या दाव्यातील नकाराचे दुसरे मोठे कारण म्हणजे सेवाकाळातील नोंदीचा अभाव. पाठ दुखली तरी रजा न मागणे, वैद्यकीय कक्षाकडे न जाणे, हे सैनिकी जीवनात शौर्याचे लक्षण मानले जाते. वीस वर्षांनंतर हेच मौन त्याच्याविरुद्ध पुरावा ठरते. प्रत्यक्ष लढाईत असलेल्यांसाठी डिसेंबर १९४१ च्या कायद्याने सवलत दिली होती. लढाईच्या परिस्थितीशी सुसंगत असे सैनिकाचे निवेदन अधिकृत नोंद नसतानाही ग्राह्य धरावे, अशी ती तरतूद होती. गोदामात पेट्या उचलताना ज्याची कंबर गेली त्याला मात्र या सवलतीचा लाभ नव्हता.

२००६ मध्ये फेडरल सर्किट न्यायालयाने या बाबतीत महत्त्वाचा निर्णय दिला. सैनिकाचे किंवा त्याच्या निकटवर्तीयांचे निवेदन केवळ तत्कालीन वैद्यकीय नोंद नाही या एका कारणावरून फेटाळता येणार नाही. ते विश्वासार्ह आहे की नाही याचा विचार करावा लागेल आणि नाकारल्यास कारण द्यावे लागेल. आपली पाठ कधीपासून दुखते हे सांगण्यासाठी माणसाला डॉक्टर असावे लागत नाही. या साध्या अनुभवाला कायद्यात स्थान मिळाल्याने पत्नीचे, भावाचे, सहकारी सैनिकाचे पत्रही पुरावा म्हणून विचारात घेणे भाग पडले. त्यापूर्वी नोव्हेंबर २००० मध्ये झालेल्या कायद्याने पुरावा गोळा करण्यास सैनिकाला साहाय्य करण्याचे शासनाचे कर्तव्य स्पष्टपणे लिहून ठेवले होते.

फेरविचाराचे चक्र आणि २०१७ चा कायदा

कारणे देण्याच्या बंधनाचा एक अनपेक्षित परिणामही झाला. कारणे अपुरी असल्यास न्यायालय बहुधा स्वतः भरपाई मंजूर करीत नाही, ते प्रकरण मंडळाकडे परत पाठवते. मंडळ नव्या तपासणीसाठी ते प्रादेशिक कार्यालयाकडे पाठवते. नवी तपासणी सदोष निघाली तर पुन्हा अपील. घाण्याला जुंपलेल्या बैलाप्रमाणे दावा फिरत राहतो, पण अंतर कापले जात नाही. अर्जदार वृद्ध, आजारी असतो. अनेकांचा निर्णयापूर्वीच मृत्यू होतो. पात्र वारसाला मृताच्या जागी दावा पुढे चालविण्याची मुभा २००८ च्या कायद्याने मिळाली, यावरूनच विलंबाचे गांभीर्य लक्षात येते.

२३ ऑगस्ट २०१७ रोजी अपील प्रक्रियेच्या आधुनिकीकरणाचा कायदा झाला व १९ फेब्रुवारी २०१९ पासून तो अमलात आला. त्यानुसार निर्णय अमान्य असलेल्या सैनिकापुढे तीन मार्ग ठेवण्यात आले. पहिला, त्याच पुराव्यावर वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी. दुसरा, नवा व संबंधित पुरावा जोडून पूरक दावा. तिसरा, थेट अपील मंडळाकडे दाद. तेथेही केवळ अभिलेखावर निर्णय, नवा पुरावा किंवा प्रत्यक्ष सुनावणी यांपैकी निवड करता येते. एक वर्षाच्या मुदतीत योग्य मार्ग स्वीकारला तर मूळ दाव्याची तारीख टिकून राहते आणि भरपाई मंजूर झाल्यास थकबाकी सर्वसाधारणपणे त्या तारखेपासून मिळू शकते.

या सुधारणेत एक अंतर्निहित अपेक्षा आहे. आपला दावा नेमका का नाकारला गेला हे सैनिकाला कळले, तरच त्याला योग्य मार्ग निवडता येतो. सेवेशी संबंध जोडणारे वैद्यकीय मत नसेल तर पूरक दावा उपयोगाचा. पुरावा असूनही अधिकाऱ्याने तो वाचला नसेल तर वरिष्ठांची फेरतपासणी योग्य. म्हणजे १९८८ मध्ये मिळालेला कारण जाणण्याचा हक्क २०१९ च्या व्यवस्थेचाही पाया आहे.

भारतीय संदर्भ

सातारा, कोल्हापूर, सांगली यांसारख्या जिल्ह्यांत सैन्यातून परतलेल्यांची संख्या मोठी आहे आणि कंबरदुखी, गादी सरकणे ही तक्रार त्यांच्यातही अपरिचित नाही. त्यामुळे हा इतिहास आपल्यालाही दूरचा नाही. भारतातील १९८२ च्या पात्रता नियमांनुसार भरतीच्या वेळी दोष नोंदविलेला नसल्यास सैनिक निरोगी होता असे गृहीत धरले जाई आणि संशयाचा फायदा त्याला द्यावयाचा होता. तरीही वैद्यकीय मंडळाचे 'सेवेमुळे नाही, सेवेने वाढलेले नाही' एवढे शब्द दावा संपविण्यास पुरेसे ठरत. २ जुलै २०१३ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 'धरमवीर सिंग' प्रकरणात स्पष्ट केले की भरतीच्या वेळी रोग ओळखता येणे शक्य नव्हते असे मंडळाचे मत असेल, तर त्याची कारणे मंडळाने नोंदविली पाहिजेत. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे काम २००९ मध्ये सुरू झाले होते व त्याचे एक पीठ मुंबईत आहे. २०२३ मध्ये नवे पात्रता नियम लागू झाले असले तरी त्यापूर्वी सेवामुक्त झालेल्यांच्या दाव्यांत जुन्या नियमांचे महत्त्व कायम आहे. दोन्ही देशांच्या संस्था भिन्न आहेत, भरपाईचे गणितही भिन्न आहे. तथापि, दोन्हीकडे न्यायाची वाट एकाच प्रश्नातून निघाली : नकाराचे कारण काय?

समारोप व निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, सैनिकाला अनुकूल तत्त्वे केवळ नियमांत लिहून ठेवल्याने अमलात येत नाहीत. संशयाचा फायदा देण्याचे तत्त्व अमेरिकेत १९८८ पूर्वीही होते. ते पाळले जाते की नाही हे पाहणारे न्यायालय नव्हते. दुसरा असा की, पाठीच्या विकारासारख्या अदृश्य अपंगत्वात वैद्यकीय तंत्रज्ञानाने वाद संपविला नाही. क्ष-किरण, एमआरआय आणि कोनमापक यांपैकी प्रत्येकाने नवी अचूकता आणली आणि त्याबरोबर नवी अन्याय्यताही आणली. तिसरा असा की, कारणे देण्याचे बंधन हा अपिलाच्या हक्काचा गाभा आहे. मात्र त्याला कालमर्यादेची जोड नसेल तर तो हक्क फेऱ्यांमध्ये अडकून पडतो.

इतिहासाच्या अभ्यासकाने या विषयाकडे केवळ कायद्याचा विषय म्हणून पाहू नये. ज्या सैनिकाची पाठ मोडली त्याचे नाव कोणत्याही विजयस्तंभावर कोरलेले नसते. त्याच्या सेवेची उरलेली एकमेव नोंद अनेकदा त्याच्या दाव्याच्या फाईलमध्ये असते. ती फाईल शासन किती काळजीपूर्वक वाचते आणि नकार द्यावयाचाच असेल तर किती प्रामाणिकपणे कारण सांगते, यावरून त्या राज्यसंस्थेची आपल्या सैनिकांविषयीची खरी भूमिका ठरते.